पोळी आणि शपथ

ग्रिम बंधूंच्या परीकथा आपल्या मुलांना ठाऊक असतात. या बंधूंना एका शपथेपायी विद्यापीठाची नोकरी गमवावी लागली, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते.

जर्मनीतील हॅनोव्हर राज्याला १८३३ साली राज्यघटना मिळाली आणि गटिंगेन विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी तिच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. १८३७ साली गादीवर आलेल्या राजा अर्न्स्ट ऑगस्टने ती घटनाच रद्द केली व राज्यसेवकांना शपथेतून मोकळे केल्याचे जाहीर केले. सात प्राध्यापकांनी याचा लेखी निषेध केला. अध्यापनाचे यश विद्वत्तेइतकेच शिक्षकाच्या सचोटीवर अवलंबून असते. शपथेशी खेळणाऱ्याने तरुणांपुढे कोणत्या तोंडाने उभे राहावे, असा त्यांचा सवाल होता. डिसेंबरात सातही जण बडतर्फ झाले. याकोब ग्रिमसह तिघांना तर तीन दिवसांत राज्य सोडावे लागले.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे आपण म्हणतो. परंतु प्राध्यापकाला पोळी मिळते ती सत्य शोधून सांगण्यासाठी. त्याने टाळी वाजवायला सुरुवात केली, की फसवणूक होते ती विद्यार्थ्यांची.

त्याच विद्यापीठातील थोर गणितज्ञ गाउस जाहीरपणे काही बोलले नाहीत. सातांपैकी एवाल्ड हे त्यांचे जावई आणि वेबर हे सहसंशोधक होते. गाउस यांनी साठी गाठली होती; घरी नव्वदी ओलांडलेली आई होती. त्यांना भित्रा ठरवणे सोपे आहे, न्याय्य नाही. खरे बोलण्यासाठी जिथे हुतात्माच व्हावे लागते, तिथे दोष त्या व्यवस्थेचा असतो.

मग संरक्षण कोणी करावे? लाइपझिगमध्ये स्थापन झालेल्या एका समितीने वर्गणी गोळा करून या प्राध्यापकांचे पगार चालू ठेवले. सातांपैकी चौघे पुढे १८४८ च्या फ्रँकफुर्ट संसदेत बसले. तिने १८४९ साली केलेल्या घटनेत ज्ञानशाखा व त्यांचे अध्यापन मुक्त असल्याचे कलम होते. ती घटना अमलात आली नाही. पण ते तत्त्व १९४९ च्या जर्मन घटनेत आले आणि सोबत एक मर्यादाही आली: अध्यापनाचे स्वातंत्र्य घटनेवरील निष्ठेतून सुटका देत नाही.

कायदा असला तरी भार लोकांवरच असतो. उद्या एखाद्या प्राध्यापकाचे संशोधन आपल्याच श्रद्धेला बोचेल. तेव्हा आपण पुराव्याने त्याचे म्हणणे खोडून काढावे. त्याची नोकरी मागू नये.