विसरण्याचा उपदेश

दोन वर्षांच्या आतील मूल गेल्यास त्यास अग्नी नाही, उदकही नाही, असे मनुस्मृती सांगते. घरोघर मुले दगावत, त्या काळी शोक आवरण्याचा तो मार्ग असेल. परंतु १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगास औषधाने काही काळ मागे सारले. आज पुष्कळ मुले बरीही होतात. म्हणूनच जे वाचत नाही, त्याच्या आईचे दुःख दुणावते. तिला 'आता विसर' म्हणणारे आम्हांस दयाळू वाटत नाहीत. ते स्वतःचाच संकोच झाकतात. नाव काढल्याने तिचे दुःख जागे होते म्हणे. पण ते निजले होते कधी? इस्पितळातील सुयांच्या गोष्टी विचारू नयेत. बाळाला दूधभात आवडे की वरणभात, एवढे विचारावे. ती तासभर सांगत बसते.