वाचक आणि त्याच्यामागचे न वाचणारे

समीक्षेने वाचकाला बहुधा एकटे कल्पिले आहे. वोल्फगांग इझर याने १९७२ मध्ये मांडलेला ‘अभिप्रेत वाचक’ ही संहितेतून घडणारी एक भूमिका आहे. तिला आईबाप नाहीत. परंतु ज्याच्या आईबापांना त्याची संहिता वाचता येत नाही, अशा वाचकाचे नैतिक स्थान कोणते?

हिंगोली जिल्ह्यातील बंजारा तांड्यावरचे मूल घ्यावे. घरात गोरमाटी, शाळेत मराठी. घरची ‘याडी’ क्रमिक पुस्तकात ‘आई’ होते. दसरा-दिवाळीनंतर अनेक घरांतील माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाच्या हिशेबी नवराबायको मिळून एक ‘कोयता’ असतो. उचल किती फिटली आणि किती उरली हे कागदावर असते, आणि कित्येक घरांत तो कागद वाचू शकणारे एकटे ते मूलच असते. म्हणजे वाचन त्याच्या वाट्याला प्रथम येते ते आस्वाद म्हणून नव्हे, मुखत्यारी म्हणून. हे वाचन मोठ्याने, इतरांसाठी होते. ऐकणारा बाप ‘पुन्हा वाच’ म्हणू शकतो.

त्याच मुलाच्या हाती कादंबरी येते तेव्हा वाचन मूक होते. दिव्याजवळ बसलेली याडी त्याच्या ओठांकडे पाहते. ओठ हलत नाहीत. ही द्रोहाची सुरुवात मानावी काय? मला तसे वाटत नाही. हा एकांत नसेल, तर ते मूल घरचा कारकूनच राहील. स्वतःसाठी वाचण्याचा अधिकार त्यालाही आहे. पेच निर्माण होतो तो हा वाचक लेखक होऊन आईबापांचेच जगणे मुद्रित करू लागतो तेव्हा.

चिनी स्थलांतरितांची मुलगी मॅक्सीन हाँग किंग्स्टन (जन्म १९४०, कॅलिफोर्निया) हिच्या ‘द वुमन वॉरियर’ (१९७६) या पुस्तकाचा आरंभ अशाच पेचातून होतो. कुटुंबाने नाव पुसून टाकलेल्या आत्याची कथा आई मुलीला सांगते, ती कोठेही न बोलण्याच्या अटीवर. मुलगी ती इंग्रजीत लिहिते. आत्याला न्याय मिळतो, आणि आईचा शब्द मोडतो. यांपैकी एक गोष्ट दुसरीला खोडून काढत नाही. ‘उपरा’पासून (१९८०) मराठी आत्मकथनांपुढेही हा प्रश्न उभा आहे, मात्र आपण त्यांची चर्चा अनुभवाच्या अस्सलपणापुरतीच बहुधा केली.

आईबापांची संमती ही कसोटी मानली, तर ती आत्या कायमची पुसलेली राहील. ती कसोटी अमान्य करून लेखकाला मोकळे सोडले, तर मुखत्यारीचा अपहार होतो. म्हणून संमतीऐवजी प्रत्युत्तराचा अधिकार मानावा: जे लिहिले ते त्यांच्या बोलीत त्यांना वाचून दाखवता आले पाहिजे, आणि त्यांचा आक्षेप ऐकून घेता आला पाहिजे. याच जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या कीर्तनात अक्षरओळख ही श्रोत्याची पात्रता नव्हती. शब्द समोरच्या माणसांपुढे उच्चारला जाई.

मुद्रणाने ती समोरासमोरची जबाबदारी सैल केली. ती पुन्हा स्वीकारणे हे वाचकाचे ऋण आहे. हिशेबाचा कागद ऐकताना बापाला जो हक्क होता, तोच त्याला स्वतःविषयीच्या पुस्तकापुढे असावा: ‘पुन्हा वाच’ म्हणण्याचा.