ताटीबाहेर उभं राहणं



आजचं वाचन: मुक्ताईचे ताटीचे अभंग. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबा ताटी लावून आत बसले आणि धाकटी बहीण दाराशी उभी राहिली. जग कठोर आहे, हे तिने नाकारलं नाही. ताटी मोडलीही नाही. ती हाक देत राहिली.

वाचताना मागचा रविवार आठवला. पाचोऱ्याला ताईकडे गेले होते. सात वर्षांचा भाचा ओट्यावरून पडला, हनुवटी फुटली. स्वच्छ रुमाल दाबून धरत दवाखाना गाठला. वाटेत मी म्हणाले, "काही दुखणार नाही रे." सुई दिसली तसा तो ओरडला, "मावशी, तू खोटं बोललीस!" आणि तोंड फिरवलं. त्याची ताटी मीच लावली होती.

मग खरं सांगितलं. "चुकलं माझं. सुई टोचेल, मग जागा बधिर होईल. मी हात सोडणार नाही." त्याने माझं बोट घट्ट धरलं. आजीने शिकवलेली जुन्या पीजे गाडीची स्टेशनं आम्ही म्हणू लागलो: वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, जामनेर... गाडी परत पाचोऱ्याला येईपर्यंत तीन टाके पडले होते. रडला तो, पण हात सुटला नाही.

मुक्ताई इ.स. १२९७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, तापीकाठी मेहूणला अंतर्धान पावली, असं परंपरा सांगते. तिची हाक अजून शिकवते: धीर देणं म्हणजे दुःख नाकारणं नव्हे, दुःखात सोबत राहणं.

आज कुणी घाबरलेलं भेटलं, तर खोटा दिलासा नको. खरं बोला, आणि दाराशी थांबा.

जय मुक्ताई!