अंतर कोणी ठरवायचे?



जुन्नर आणि आंबेगाव हे आपले दोन्ही तालुके आकाशाच्या बाबतीत श्रीमंत आहेत. पूर्वेकडच्या ऊस-टोमॅटोच्या शिवारात विजेच्या तारेवर पांढरी-राखाडी कापशी घार बसलेली असते. पश्चिमेला जीवधन, चावंड, हडसर यांच्या कड्यांवर ससाणा आणि मोरघार फिरतात. भीमाशंकरच्या जंगलातून तुरेवाल्या सर्पगरुडाची लांबट शीळ ऐकू येते. थंडी सुरू झाली की मध्य आशियातून भोवत्या पक्षी येतात आणि माळावर गवताला जवळजवळ घासून उडत राहतात. या सर्वांना आपण ‘शिकारी पक्षी’ म्हणतो.

त्यांचे फोटो काढण्याचा छंद आपल्याकडे आता बराच पसरला आहे. कॉलेजची मुले त्यात आहेत, नोकरीतून निवृत्त झालेली मंडळीही आहेत. छंद चांगला आहे. तो माणसाला पहाटे उठवतो, चालायला लावतो, गप्प बसायला शिकवतो. म्हणूनच त्यातून निर्माण होणाऱ्या एका प्रश्नाचा विचार आपण मोकळ्या मनाने केला पाहिजे. रानातल्या पक्ष्याच्या किती जवळ जाण्याचा आपल्याला हक्क आहे? आणि ते अंतर ठरवायचे कोणी?

आपल्यापैकी बहुतेकांकडे साधा कॅमेरा असतो, नाहीतर मोबाइल. लाखाच्या घरातली लेन्स आपल्या प्रपंचात बसत नाही. साध्या कॅमेऱ्यात तारेवरची कापशी एवढीशी दिसते आणि कड्यावरचा ससाणा म्हणजे केवळ एक ठिपका. मग मन म्हणते, अजून दहा पावले पुढे जाऊ. दहाची वीस होतात. पक्षी उडतो. आपण हळहळतो ती फोटो हुकला म्हणून. पक्ष्याचे काय गेले, हे मनात येत नाही.

पक्ष्याचे बरेच काही जाते. कापशी तारेवर विश्रांतीसाठी बसलेली नसते. ती खालच्या शेतातल्या उंदरावर नजर ठेवून असते. तिला उठवले की तिच्या तोंडचा घास जातो आणि उडण्यात शक्ती खर्च होते ती वेगळीच. भोवत्या रात्री जमिनीवर, गवतातच मुक्काम करतात. सायंकाळी त्या गवतात गाडी किंवा माणसे शिरली तर त्यांना अंधारात दुसरी जागा शोधावी लागते. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करणारे लांब चोचीचे गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि नर-मादी आळीपाळीने ते उबवतात. बसलेला पक्षी घाबरून उठला तर अंडे उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत उघडे पडते. ते गेले तर त्या जोडप्याचे ते वर्ष बहुधा रिकामेच जाते.

आपल्या देशाच्या कायद्याने हे फार पूर्वी ओळखले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे याचाही समावेश आहे. हातात बंदूक नसली तरी घरट्याला त्रास देणारा माणूस कायद्याच्या भाषेत शिकारी ठरू शकतो. मग शिकारी पक्षी कोण आणि शिकारी माणूस कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. ते खोडसाळ नाहीत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप असा की, पक्षी एकदा उडाला म्हणून काय मोठे बिघडते? एकदा उडाल्याने खरेच फारसे बिघडत नाही. पण त्या जागी त्या दिवशी आलेले आपण एकटेच नसतो. घरट्याची बातमी फुटली की प्रत्येक जण ‘मी एकदाच गेलो’ असेच म्हणतो. वीस जणांचे ‘एकदाच’ त्या पक्ष्याला वीस वेळा सोसावे लागते. आपल्या भागात बिबट्या विहिरीत पडला की काय होते, हे आपण जाणतो. काठावर मोबाइल घेऊन गर्दी जमते. त्या गर्दीतला कोणीही वाईट नसतो. तरीही घाबरलेल्या जनावराला बाहेर काढणाऱ्यांचे काम अवघड होऊन बसते. अनेकांत वाटला गेलेला दोष कोणालाच आपला वाटत नाही. म्हणून तो प्रत्येकाने स्वतःपुरता मोजायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. श्रीमंताने मोठी लेन्स लावून लांबून फोटो काढायचा आणि साध्या कॅमेरावाल्याने मात्र संयम पाळायचा, हा न्याय कुठला? यात तथ्य आहे असे आम्हालाही वाटते. पण जरा विचार करा. अंतराचा नियम आपण कॅमेऱ्याच्या किमतीवरून काढला तरच तो अन्यायाचा ठरतो. तो पक्ष्याच्या भीतीवरून काढला तर सर्वांना सारखाच लागू होतो. मोठी लेन्सवालाही पिसांचे बारकावे हवेत म्हणून पुढे सरकू शकतो किंवा आमिष टाकून पक्ष्याला बोलावू शकतो. दोष साधनात नसतो. ‘मला हवे आहे म्हणून मला मिळालेच पाहिजे’ या वृत्तीत तो असतो, आणि ती वृत्ती गरीब-श्रीमंत पाहत नाही.

तिसरा आक्षेप असा की, फोटोमुळेच लोकांना पक्ष्यांविषयी प्रेम वाटते. हे अगदी खरे आहे. डॉ. सलीम अली यांच्या लहानपणीची गोष्ट प्रसिद्ध आहे. मुंबईत त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला म्हणून ती ओळखून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे पक्षिशास्त्र सुरू झाले. त्या काळी पक्षी मारून त्याचा नमुना ठेवणे हीच अभ्यासाची मान्य रीत होती. पक्ष्याला जिवंत ठेवून त्याला घरी आणायची सोय कॅमेऱ्याने केली, हे त्याचे मोठे उपकार. पण बंदूक टाकून कॅमेरा घेतला आणि पाठलाग तसाच चालू ठेवला, तर आपण अर्धाच बदल केला असे होईल.

शिवाय पक्षी ओळखायला आणि त्याची नोंद करायला मोठा फोटो लागतच नाही. पंखांची टोके बोटांसारखी फाकलेली आहेत की निमुळती, शेपटी गोल आहे की दुभंगलेली, उडताना पंख सपाट धरले आहेत की इंग्रजी ‘व्ही’सारखे उचललेले, हे छोट्या काळ्या आकृतीतही कळते. तारीख, गाव आणि पक्ष्यांची संख्या लिहून ठेवलेला धूसर फोटो अभ्यासकाच्या उपयोगी पडतो. मात्र घरट्याची जागा कोणालाही सांगू नये. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप साठू शकते. फोटो पुढे पाठवण्यापूर्वी ती काढून टाकावी.

साध्या कॅमेऱ्याने करण्यासारखे बरेच आहे. सकाळी लवकर निघावे. जमीन तापून हवा वर चढू लागेपर्यंत मोठे शिकारी पक्षी बहुधा बसूनच असतात. सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा. पायी येणाऱ्या माणसापेक्षा उभ्या गाडीला पक्षी कमी बुजतात, म्हणून रस्त्याच्या कडेला गाडी सुरक्षित थांबवून आतूनच फोटो घ्यावा. खरुची आणि कापशी हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबतात. त्या वेळी साधा कॅमेराही त्यांना पकडू शकतो. नाणेघाटासारख्या ठिकाणी कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि त्या वाऱ्यावर तरंगत पक्षी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. कड्याच्या धारेपासून सुरक्षित मागे, हालचाल न करता तासभर बसून राहावे. आपण न जाताच अंतर कमी होते, कारण ते पक्ष्याने स्वतः कमी केलेले असते.

पक्ष्यावरचे प्रेम फोटोपाशी थांबत नाही, हेही सांगायला हवे. भारतातील लांब चोचीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शंभरातली सुमारे ९७ नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्याला कारण आहे, असे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली आणि २०२३ साली किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांच्यावरही. २०२४ साली हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून काही गिधाडे ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली. गेलेले परत आणायला किती सायास पडतात, ते यावरून दिसते. ज्या शेतकऱ्याने आपल्या दुखणाइत गायीला ते औषध दिले, त्याने दयेपोटीच दिले. त्याला दोष कसा द्यायचा? पण जे कळले नव्हते ते आता कळले आहे, आणि कळल्यानंतर जबाबदारी सुरू होते. आपल्यापैकी अनेकांच्या गोठ्यात दुभती जनावरे आहेत. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम चालेल का, एवढे जनावरांच्या डॉक्टरांना विचारणे प्रत्येकाच्या हातात आहे.

अनुवाद या ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. वाटेत घरटे सापडले तर पिल्ले घेण्याची मुभा आहे, पण आईला धरायचे नाही, तिला जाऊ द्यायचे. भुकेसाठी हात पुढे करणाऱ्यालाही तिथे मर्यादा घालून दिली आहे. मग आपण तर भुकेलेले नसतो. आपल्याला हवे असते ते केवळ एक चित्र. गरजेला जर सीमा आहे, तर हौसेला ती अधिक जवळची हवी.

म्हणून आम्हाला एक साधा नियम सुचवावासा वाटतो. तो लहान मुलांनाही सांगता येईल. पक्ष्याने आपले काम थांबवून आपल्याकडे पाहायला सुरुवात केली, की आपण थांबायचे. तो पाहतच राहिला तर मागे यायचे. फोटोत पक्षी लहान दिसेल. पण त्याच्या मागे आपला डोंगर दिसेल, आकाश दिसेल, आणि आपण निघून आल्यावरही तो पक्षी त्याच फांदीवर बसलेला असेल. तो लहान फोटो घरी आणताना मनाला संकोच वाटणार नाही.