पुढच्याने का थांबावे?



पावसाळा सरला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीची तरुण मंडळी गटाने अलिबाग, मुरूड, मालवणकडे निघतात. अलीकडे त्यात कयाकची भर पडली आहे. कयाक म्हणजे एकादोघांनी बसून वल्हवायची अरुंद होडी. दहा जण खडकाळ किनाऱ्याने निघाले की थोड्याच वेळात दोघे पुढे जातात, एखादा मागे पडतो. मग प्रश्न पडतो : पुढच्याने थांबणे हा त्याचा मोठेपणा की कर्तव्य?

‘माझ्यात ताकद आहे, मी का थांबू?’ असे कुणी म्हणेल. डोंबिवली स्टेशनवर ते चालून जाते, कारण मागे राहिलेल्याला पुढची लोकल मिळते. समुद्रात पुढची लोकल नसते. सकाळी मतलई वारे हलके असतात. दुपारी खारे वारे जमिनीकडे वाहू लागतात आणि दमलेल्याची होडी खडकांकडे ढकलतात. खडकावर आपटून लाट उलट फिरते. येणाऱ्या-जाणाऱ्या लाटांत होडी कलंडते. पाण्यातून पुन्हा होडीत चढताना शेजारच्या होडीने आधार दिला तरच नवख्याला ते जमते. म्हणूनच जाणकार लोक गटाचा वेग सर्वांत हळू वल्हवणाऱ्यावरून ठरवतात.

मागचा माणूस निघाला तो ‘आपण दहा जण आहोत’ या भरवशावर. तो भरवसा आपणच त्याला दिला. मग थांबणे हे दान नव्हे, ते देणे आहे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 मध्ये वादळात सापडलेल्या जहाजावर 276 माणसे होती. खडकांच्या भीतीने खलाशी लहान होडीतून गुपचूप निसटू पाहत होते. हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही, असे पौलाने शताधिपतीला बजावले. जहाज फुटले, पण सर्वजण किनाऱ्याला लागले. जे निसटू पाहत होते तेही.

मात्र मागच्याचेही कर्तव्य आहे. लाजेपोटी दमणूक लपवणारा सगळ्यांनाच धोक्यात घालतो. ‘मला जमत नाही, मागे फिरू या’ असे वेळेवर सांगणे हा प्रामाणिकपणा आहे.

आपल्या घरात, संघात, वस्तीत आज कोण मागे पडले आहे? त्याला हाक मारण्यापूर्वी आपले वल्हे थांबवू या.