बांधीवरून चाललेली नाव

नावेत बसले की काठ मागे सरकू लागतो, हा भ्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. जग मिथ्या कसे, हे समजावताना प्रवचनकार त्याचा दाखला देतात. पण या भ्रमाला एक नैतिक बाजूही आहे, हे मला अंभोऱ्याला उमगले.

आमच्या तिरोडी भागातली बावनथडी वैनगंगेला मिळते आणि वैनगंगा भंडारा मागे टाकून अंभोऱ्याला येते. कन्हान, आम आदी नद्या तिला तिथे भेटतात. काठी चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच रचला, असे आपल्याकडे श्रद्धेने मानतात. ज्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, त्याचे पाणी आज इथवर पसरले आहे.

हिवाळ्यात एक दिवस आम्ही त्या पाण्यावर नावेतून हिंडलो. सकाळी धुक्यातल्या टेकड्या, मग झाडी, मग पाण्यात उभी असलेली वाळकी झाडे आणि त्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. मी म्हणालो, "काय सुरेख देखावा आहे!" नावाडी वल्हे न थांबवता म्हणाला, "गुरुजी, आता आपण आमच्या बांधीवरून चाललो."

मग बोलणे खुंटले. ज्याखाली कुणाची धानाची बांधी गेली, त्या पाण्यावर आनंद मानावा का? मानू नये म्हणावे, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. धरणच नको म्हणावे, तर कालव्याच्या पाण्यावर पिकणारा धान मीही खातो. लाभ खरा आहे आणि हानीही खरी आहे. मात्र दोन्ही एकाच घरात उतरत नाहीत. मोबदला जमिनीचा मिळतो; बांधावरच्या पायवाटेचा, शेजाराचा मिळत नाही.

खरे तर हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आपली माणसे जागची हलली नाहीत, काठच हलला. लेक दिलेले गाव परराज्यात गेले. तो निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. पण नकाशा पाहणाऱ्याला ती एक रेघ होती आणि आपल्याला ते घर होते.

नावेतल्या माणसाची चूक हीच, की स्वतः वाहून नेला जात असताना तो स्वतःला स्थिर समजतो आणि दुसऱ्याचे आयुष्य त्याला सरकता देखावा वाटते. आनंद सोडावा असे नाही. पण तो कुणाच्या बांधीवर उभा आहे, एवढे विचारण्याचे ऋण आपल्यावर आहे. विचारल्याने बुडालेली जमीन वर येत नाही, हे खरे. न विचारल्याने मात्र ती दुसऱ्यांदा बुडते.

परतताना मी नावाड्याला त्याच्या गावाचे नाव विचारले. ते सांगून त्याने वल्हे थांबवले, आणि विहीर कुठे होती, देऊळ कुठे होते, हे हाताने दाखवू लागला. सूर्य मावळेपर्यंत आम्ही तिथेच होतो.