उसना नकार

गेल्या चैत्रात माझे एक जुने पक्षकार सकाळीच कचेरीत आले. भालकी तालुक्यातील शेतकरी गृहस्थ. मांजरेकाठी ऊस, वरच्या रानात तूर, आणि बांधाच्या दोन जुन्या तंट्यांमुळे आमचा चांगला परिचय. या खेपेस हाती कागद नव्हता. सोबत मुलगा होता. त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ते एकटेच आत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, पोरगं मोटरसायकल मागतंय. रोज तेच. तुम्ही एवढंच सांगा त्याला, कायद्यात बसत नाही म्हणून. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

अशी कामे वकिलाला आवडतात. प्रश्न सोपा, उत्तर तयार. मी मुलाला आत बोलावले आणि कायदा सांगितला. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या चौथ्या कलमाप्रमाणे १८ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवता येत नाही. १६ वर्षे पूर्ण झालेल्यास ५० सी.सी. पर्यंतच्या दुचाकीची तेवढी मुभा आहे. पण तसल्या गाड्या आज बाजारात शोधाव्या लागतात. २०१९ साली याच कायद्यात १९९-अ हे कलम घातले गेले. अल्पवयीनाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला, तर दोषी धरला जातो तो त्याचा पालक किंवा गाडीचा मालक. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. एवढे सांगून मी खुर्चीला पाठ टेकली. गृहस्थांच्या मुद्रेवर समाधान उमटले.

मुलगा शांतपणे ऐकत होता. पी. यू. चे पहिले वर्ष संपवून दुसऱ्यात जाणारा, सतरा वर्षांचा. त्याने खिशातून वहीचे घडी घातलेले पान काढले. त्यावर चार गाड्यांचे कोष्टक होते: किंमत, लिटरमागे किलोमीटर, वजन, जमिनीपासूनची उंची. १२५ सी.सी. वरील गाड्यांना २०१९ पासून ए. बी. एस. सक्तीचे आहे आणि लहान गाड्यांना तेव्हा ते बंधन घातले गेले नाही, म्हणून वडिलांच्या पसंतीच्या स्प्लेंडरपेक्षा थोडी मोठी गाडी घ्यावी, हा त्याचा युक्तिवाद. मुले गाडी रंगावरून निवडतात अशी माझी समजूत होती. ती त्या पानाने दूर केली.

"काका," तो म्हणाला, "दसऱ्याला मला अठरा पूर्ण होतात. त्यानंतर घ्या असंच मी म्हणतोय. कायदा मला मान्य आहे. पण एक विचारू का? गेल्या दत्तजयंतीला आईला मागं बसवून मी माणिकनगरला नेलं. आप्पांनीच किल्ली दिली. खताची पोती मीच आणतो. तेव्हा मी किती वर्षांचा होतो?"

गृहस्थ वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहू लागले. मीही टेबलावरचे कागद सारखे केले.

या प्रश्नाला माझ्याजवळ कायद्याचे उत्तर होते, आणि ते गृहस्थांच्या बाजूचे नव्हते. १९९-अ कलम असे गृहीत धरते की अल्पवयीनाने गाडी चालवली ती पालकाच्या संमतीनेच. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचे ओझे पालकावर. सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालच्या एका निकालात, अल्पवयीनाने न विचारता नेलेल्या मोटरसायकलीच्या बाबतीतही, गाडीचा गैरवापर होऊ न देणे ही मालकाचीच जबाबदारी मानली. वकील याला पुराव्याचा नियम म्हणतो. मला मात्र ते आपल्या घरांविषयीचे अचूक निरीक्षण वाटते. खुंटीवरची किल्ली कोण काढतो हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. कोणी बोलत नाही, इतकेच. कामापुरती संमती मौनाने द्यावयाची आणि हौसेपुरता नकार मोठ्याने द्यावयाचा, हा आपला रिवाज. मुलाला तो अन्याय वाटतो, आणि तो वाटणे बरोबर आहे.

मुलगा चहा सांगण्यास खाली गेला तेव्हा गृहस्थ बोलले. मागल्या गळिताच्या हंगामात, रात्रीच्या वेळी, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांच्या गावचा एक तरुण मोटरसायकलीसह आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, साधी लाल पट्टीही नव्हती. त्याला जीपमध्ये घालून बिदरला आणणाऱ्यांत हे होते. डोके यांच्या मांडीवर होते. "ते पोराला सांगितलं नाही मी," ते म्हणाले. "सांगवत नाही."

म्हणजे नकाराचे खरे कारण हे होते. कायदा त्यावर पांघरूण म्हणून हवा होता, आणि ते पांघरूण मी विनातक्रार पुरवले. माझे चुकले ते इथे. कायदा मी चुकीचा सांगितला नव्हता. पण एका बापाला मी माझा नकार उसना दिला, आणि उसन्याला मुदत असते. दसऱ्याला ती संपणार. त्या दिवशी कायदा बाजूला होईल आणि या गृहस्थांजवळ मुलाला सांगण्यासारखे काहीही उरणार नाही. कारण जे सांगावयाचे ते त्यांनी कधी सांगितलेच नव्हते.

आपल्या पुराणपरंपरेत अनिच्छुक बापांची उणीव नाही. कठोपनिषदातला नचिकेता बापाला तीनदा विचारतो, मला कोणाला देणार. आणि तिसऱ्यांदा बाप वैतागून जे बोलतो त्याने मुलगा यमाच्या दारी जातो. रोजच्या तगाद्याला कंटाळून दिलेली संमती याच जातीची. ती मुलाच्या योग्यतेविषयी काही सांगत नाही, बापाच्या थकव्याविषयी सांगते. पण मला या प्रसंगी अधिक आठवला तो दशरथ. विश्वामित्र यज्ञरक्षणासाठी राम मागतात, तेव्हा वाल्मीकींचा दशरथ पहिली सबब सांगतो ती वयाची: रामाला अजून सोळा पूर्ण नाहीत. (आपल्या मोटार कायद्यातही सोळाचा आकडा यावा, याची मला गंमत वाटते.) मागेल ते देईन असा शब्द देऊन बसलेला हा राजा मग आकड्याआड उभा राहतो, स्वतः सैन्यासह येण्याची तयारी दाखवतो, आणि शेवटी, या मुलावाचून आपण जगू शकत नाही, हे बोलतो. ते खरे होते. म्हणूनच वसिष्ठांना पुढे बोलता आले. अरण्य सुरक्षित आहे असे वसिष्ठ म्हणत नाहीत. मुलगा कोणाबरोबर जात आहे ते सांगतात. आणि वाटेत विश्वामित्र पहिली गोष्ट करतात ती रामाला बला आणि अतिबला या विद्या देण्याची. राक्षस नंतर येतात.

सीमेवरच्या आमच्या या मुलखात बस वेळेवर आली तर लोक आश्चर्य करतात, कॉलेज तालुक्याच्या गावी आणि शेत दोन मैल आडवाटेला. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येतो आणि रस्ता साबणासारखा होतो. पुढे सोलापूर-हैदराबाद महामार्गावर मालमोटारींचा वेग वेगळाच. गाडी नको म्हणून हा मुलखाचा भूगोल बदलणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती आपणच शेतात ट्रॅक्टर देतो. सार्वजनिक जागा नव्हे म्हणून चौथे कलम तिथे पोचत नाही, पण नांगरलेल्या उतारावर ट्रॅक्टर उलटतो तो कलम पाहून उलटत नाही. म्हणून 'द्यावी की न द्यावी' याहून 'दिली तर बरोबर काय द्यावे' हा प्रश्न मला मोठा वाटतो. डोक्याला टोप, शिकाऊ परवाना, अंधार पडल्यावर महामार्ग नाही असा उभयतांनी मान्य केलेला नियम. आणि त्या रात्री जीपमध्ये काय पाहिले ते.

चहा आला. मी मुलाला म्हणालो, कायद्याचे मी सांगितले तेवढेच आहे आणि ते दसऱ्याला संपते. बाकीचे तुझ्या आप्पांनी सांगावयाचे आहे, आणि ते माझ्या कचेरीत सांगण्यासारखे नाही. गृहस्थांना हे आवडले नसावे. दोघे निघाले. खिडकीतून पाहिले तर बस-स्थानकाकडे चालताना बाप बोलत होता आणि मुलगा थांबून ऐकत होता. पण ते बसच्या वेळेविषयीही असू शकेल.

पंधरवड्याने गृहस्थ एकटे आले. शिकाऊ परवान्याची चौकशी केली. कागद कोणते, परीक्षा कशी. मी मुलाचे वय धरून सांगू लागलो तेव्हा त्यांनी मध्येच थांबवले.

"पोराचं नंतर," ते म्हणाले. "त्यानं विचारलं, आप्पा, तुमचं लायसन कुठं आहे? वीस वर्षं गाडी चालवतोय मी, वकीलसाहेब. काढलंच नाही कधी. या वयात मिळतं का?"

मिळते, असे मी सांगितले. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरचा दाखला लागतो. त्यांनी ते कागदाच्या कपट्यावर लिहून घेतले, आणि जाताना बसने गेले.